तीन रेघा गरम, एक रेघ गार

मी एक जुना गीझर आहे. पंचवीस लिटरचा, पांढऱ्या पत्र्याचा, बुडाशी गंज धरलेला. नोएडातल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे मला आडवा टाकून ठेवलं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की त्यांचा सूर रडका होतो. माझा होणार नाही. मला राग आला आहे. इतकी वर्षं झाली, तरी तो निवलेला नाही. पाणी निवतं, राग निवत नाही, हे मी स्वतःवरून शिकलो.

माझा जन्म फरिदाबादच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा बाजार नुकते उघडले होते आणि लोकांना घरात नवनवीन यंत्रं हवी होती. दिवसाला माझ्यासारखे शेकड्यांनी गीझर तयार होत. तांब्याची टाकी, तिच्याभोवती काचेच्या लोकरीचं जाड अस्तर, वरून पत्रा. पोटात पाणी तापवणारी कांडी आणि तिच्या शेजारी थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या आकड्याइतकं तापलं की वीज तोडायची, निवलं की पुन्हा जोडायची, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर एक छोटी चकती असते आणि चकतीवर आकडे असतात. झाकणाचे दोन स्क्रू काढले की ती दिसते.

तपासणीच्या टेबलावर ओमवती नावाची बाई बसत असे. ती प्रत्येक गीझरची चकती पन्नासच्या आकड्यावर लावायची, पाणी भरून पाहायची आणि मगच झाकण बसवायची. एकदा तिच्या हाताखाली नवी आलेली मुलगी म्हणाली की चकती पंचाहत्तरपर्यंत जाते, तर तिथेच लावून टाकू, गिऱ्हाईक खूश होईल. ओमवतीने तिला उठवून बाजूला बसवलं आणि दिवसभर हात लावू दिला नाही. मला ती बाई तेव्हा कडक वाटली. आज वाटतं, तिच्यासारखी माणसं घरोघरी हवी होती.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत मी गुणवंतच्या घरी आलो. गुणवंत मूळचा पुण्याचा, दिल्लीत एका मंत्रालयात नोकरीला. इतकी वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढल्यावर त्याने नोएडात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट घेतला होता. क्वार्टरमध्ये बादलीत विजेची सळई टाकून पाणी तापवत. म्हणून मी आलो तेव्हा घरात सणासारखा आनंद झाला. त्याची बायको मीनाक्षी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. पहाटे उठून, डबे भरून, दोन बस बदलून जायची. नळ फिरवला की गरम पाणी, ही गोष्ट तिला इतकी नवलाची वाटली की पहिल्या दिवशी ती नुसतीच नळाखाली हात धरून उभी राहिली.

मला भिंतीवर लावणाऱ्या मिस्त्रीने काम झाल्यावर गुणवंतला स्टुलावर चढवून झाकणाच्या आतली चकती दाखवली होती. "साहब, पचास पे है. इसको छेड़ना मत," असं तो दोनदा म्हणाला. गुणवंतने मान हलवली. माझ्याबरोबर आलेलं सूचनांचं पत्रक त्याने वाचलं, नीट घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवलं. मित्रांनो, हे लक्षात घ्या. त्याला माहीत होतं.

पहिली दोन-अडीच वर्षं सुखात गेली. माझं कौतुक व्हायचं. शेजारचे लोक येऊन मला बघून जायचे. मीनाक्षी आठवड्यातून एकदा माझ्या अंगावरची धूळ पुसायची. त्यांची मुलगी संपदा माझ्या छोट्या लाल दिव्याला 'गीझरची बिंदी' म्हणायची. ती दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदीचे तुकडे असत.

मग भालचंद्र आले. गुणवंतचे वडील. बायको वारल्यावर पुण्याचं घर बंद करून ते मुलाकडे राहायला आले. सगळं आयुष्य त्यांनी पुण्याच्या वेधशाळेत काढलं होतं. रोज ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, तापमापक वाचायचे, आकडा वहीत लिहायचा. पस्तीस वर्षं त्यांनी हवेचा पारा वाचला आणि एकही दिवस अंदाजाने लिहिलं नाही, असं ते अभिमानाने सांगत.

या माणसाला जुना मधुमेह होता. त्याने त्यांचे पाय हळूहळू बधिर झाले होते. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे. मागून संपदा ओरडायची, "आजोबा, चप्पल रह गई." मग ते हसत परत फिरायचे. रोज सकाळी दोघं दुधाच्या बूथवर जात, येताना बागेला एक फेरी मारत. एवढं चालणं झालं की ते दिवसभर खुशीत असत.

दिल्लीच्या थंडीत त्यांचे पाय बर्फासारखे पडत. म्हणून मीनाक्षीने एक रीत बसवली होती. निळा प्लास्टिकचा टब होता, आतल्या बाजूला सारख्या अंतरावर रेघा उमटवलेल्या. तिसऱ्या रेघेपर्यंत माझं पाणी सोडायचं, चौथ्या रेघेपर्यंत गार. तीन रेघा गरम, एक रेघ गार. पहिल्या दिवशी तिने कोपर बुडवून पाहिलं होतं, भालचंद्रांनी हात घालून पाहिलं होतं आणि दोघांनी मिळून हे माप ठरवलं होतं. त्यानंतर दोन हिवाळे ते माप एकदाही चुकलं नाही. टबात पाय सोडून भालचंद्र पेपर वाचत बसायचे. संपदाने एकदा विचारलं होतं की कोमट म्हणजे काय. ना गरम, ना गार, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अच्छा, गुनगुना!" आणि ते कितीतरी वेळ हसत होते.

आता मी तुम्हाला त्या जानेवारीची गोष्ट सांगतो.

गुणवंतला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे पास मिळाले. त्याने उत्साहाने पुण्याला कळवून टाकलं. त्याची आत्या कुसुमावती, म्हणजे भालचंद्रांची धाकटी बहीण, आपल्या मुला-सुना-नातवंडांना घेऊन निघाली. एकूण आठ माणसं. गुणवंतने कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र राज्याच्या अतिथिगृहात खोल्या मिळतात का ते पाहिलं. त्या दिवसांत तिथे कुठली जागा असायला. सगळे घरीच उतरले. पानिपतची नवी ब्लँकेट आली, गाद्या दिवाणखान्यात पसरल्या, दारात चपलांचा ढीग लागला.

गुणवंतला एकच काळजी लागली होती. सव्वीस तारखेला पहाटे सगळ्यांना निघायचं होतं आणि त्याआधी सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या होत्या. पंचवीस लिटर पाणी कुणाकुणाला पुरणार? त्याने हिशेब केला की पाणी जास्त कढत असलं तर प्रत्येक बादलीत थोडंच लागेल आणि उरलेलं गार घालून भागेल. हिशेब चुकीचा नव्हता. पंचवीस तारखेच्या संध्याकाळी त्याने स्टूल घेतलं, स्क्रू काढले आणि चकती फिरवली. पन्नासवरून साठ, पासष्ट, सत्तर. पंचाहत्तरवर ती अडली तेव्हा तो थांबला.

मीनाक्षी तेव्हा दहा पावलांवर स्वयंपाकघरात होती. एवढ्या माणसांसाठी भाजी चिरत होती. तो तिथून तिला हाक मारू शकला असता. तीन शब्दांचं काम होतं. त्याने झाकण बसवलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि पाहुण्यांत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्वतः उभं राहून प्रत्येकाची बादली कालवून दिली. बाथरूममधून नुसती वाफ बाहेर येत होती. कुसुमावतीने अंघोळ करून आल्यावर भाच्याचं तोंड भरून कौतुक केलं, दिल्लीच्या कडाक्यात असं पाणी म्हणजे चैन आहे म्हणाली. गुणवंतचा चेहरा फुलला होता. मीनाक्षीची अंघोळ त्या गर्दीत राहूनच गेली. ती चारपासून तिखटामिठाच्या पुऱ्या लाटत होती. साडेपाचला भाड्याची गाडी आली आणि संपदासकट सगळे निघून गेले. माझी चकती होती तिथेच राहिली. माझं बटणही चालू राहिलं. मी रिकामा झालो होतो. पुन्हा भरलो, पुन्हा पंचाहत्तरला पोचलो.

घरात मीनाक्षी आणि भालचंद्र दोघंच उरले. भालचंद्रांना संचलन टीव्हीवरच बघायचं होतं. गर्दीत आपले पाय चालणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. साडेनऊच्या सुमाराला मीनाक्षी निळा टब घेऊन आली. कढईत तेल तापत होतं. पाहुणे दुपारी भुकेले परतणार होते. तिने नळ सोडला, तिसऱ्या रेघेला बंद केला, गार पाणी चौथ्या रेघेपर्यंत सोडलं. टब काठांना धरून उचलला, भालचंद्रांच्या खुर्चीपुढे ठेवला आणि धावत गॅसकडे गेली.

बाथरूमचं दार उघडं होतं. मला दिवाणखाना दिसत होता. भालचंद्रांनी दोन्ही पाय टबात सोडले आणि टीव्हीकडे बघत बसले.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आवाज केला नाही. मित्रांनो, तुमचा पाय असता तर तुम्ही अर्ध्या क्षणात उडी मारली असती, तुमची किंकाळी गल्लीत ऐकू गेली असती. ते शांत बसले होते. महाराष्ट्राचा चित्ररथ कधी येतो, तो हुकेल का, एवढीच त्यांना चिंता. मी भिंतीला टांगलेला पत्र्याचा डबा. माझ्या पोटातून ते पाणी निघालं होतं, मला त्याचा आकडा माहीत होता आणि मला तोंड नव्हतं. ज्याला तोंड होतं तो माणूस राजपथावर बसून टाळ्या वाजवत होता.

दहा-बारा मिनिटांनी मीनाक्षी टॉवेल घेऊन आली. खाली बसून तिने त्यांचा पाय उचलायला टबात हात घातला आणि झटक्यात मागे ओढला. मग तिने पायांकडे पाहिलं. मी त्याचं वर्णन करणार नाही. भालचंद्रांना पायाचं काही कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं गं?"

तळमजल्यावर रुचिरा राहायची. मुंबईची, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. मीनाक्षीच्या हाका ऐकून ती धावत वर आली. मीनाक्षी तोवर टूथपेस्टची ट्यूब घेऊन आली होती. रुचिराने ती तिच्या हातातून काढून घेतली. तिने भालचंद्रांना आधार देत बाथरूममध्ये आणलं, पाटावर बसवलं आणि त्यांच्या पायांवर साध्या नळाचं वाहतं पाणी सोडलं. वीस मिनिटं घड्याळ लावून. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. मग स्वच्छ धुतलेल्या चादरीत पाय सैलसर गुंडाळून, आपल्या मारुतीतून दोघांना दवाखान्यात नेलं. पुढे डॉक्टर म्हणाले की त्या वीस मिनिटांनी बरंच वाचवलं. सगळं नाही वाचलं.

दुपारी पाहुण्यांची गाडी परतली. रुचिरा खाली वाट पाहत होती. तिने गुणवंतला गाठून सगळं सांगितलं. पाहुणे जिन्यातच थबकले, बायका रडायला लागल्या. गुणवंत घरात आला. मला वाटलं, तो पैसे घेईल, वडिलांचे कपडे घेईल आणि धावत सुटेल.

तो बाथरूममध्ये आला. दाराला आतून कडी लावली. स्टूल ओढलं, येताना खणातून उचललेला स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि चकती पन्नासवर आणली. एक स्क्रू दोनदा खाली पडला. पण तो त्याने शोधून काढला आणि घट्ट बसवला. वडील दवाखान्यात होते आणि हा माणूस स्टुलावर उभा होता. मित्रांनो, माझा राग या दोन मिनिटांचा आहे. आदल्या संध्याकाळी त्याने केली ती चूक होती. चुका होतात. हे दुसरं जे केलं, त्याला चूक म्हणत नाहीत.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कुसुमावतीने दवाखान्यातच मीनाक्षीला विचारलं की पाण्यात बोट घालून बघायला किती वेळ लागतो. पाहुणे गेले तरी हाच प्रश्न घरात राहिला. पुण्याहून पत्रं आली, त्यांतही तोच. मीनाक्षी सांगत राहिली की माप तेच होतं, तीन रेघा गरम, एक रेघ गार. ते कुणी ऐकून घेतलं नाही. सबब सांगते आहे, असं सगळ्यांना वाटलं. आणि गुणवंत? तो मान खाली घालून म्हणायचा, "हात घालून बघायला हवा होतास तू." एकदा नाही, मी मोजलं आहे, निदान पाच वेळा म्हणाला. बिचारी स्वतःच म्हणू लागली की मी घाईत होते, माझंच चुकलं. गरम नळ बंद असताना नुसतं गार पाणी घेतलं तरी ती त्यात तीनतीनदा कोपर बुडवून पाही. रात्रीच्या भांड्यांचं पाणीसुद्धा. मला ते बघवत नव्हतं.

भालचंद्रांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मधुमेहामुळे जखम भरत नव्हती. तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्याला, ते घरी आले. दोन्ही पायांना पट्ट्या, हातात काठी.

घरी आल्यावर दोन दिवस ते पडून सगळ्यांचं बोलणं ऐकत होते. तिसरा दिवस रविवार होता. त्यांनी मीनाक्षीला जवळ बसवलं आणि त्या दिवशी टब नेमका कसा भरला ते विचारलं. ती रडायला लागली, माफी मागू लागली. त्यांनी तिला थांबवलं. "मला माफी नको, मला माप सांग," ते म्हणाले. तिने सांगितलं. इतक्या दिवसांत ते ऐकून कुणी मान डोलावली नव्हती. त्यांनी डोलावली. हा माणूस पस्तीस वर्षं निरीक्षक होता. समोरच्याने सांगितलं ते आधी मोजून बघायचं, आणि खरं की खोटं ते नंतर ठरवायचं, अशी त्याची सवय होती.

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना एक काचेचा तापमापक भेट दिला होता, लाकडी पेटीतला, शंभरापर्यंत आकडे असलेला. तो त्यांनी संपदाला आणायला सांगितला. खुर्ची बाथरूमच्या दाराशी ओढून घेतली. मीनाक्षीने टब भरला, अगदी त्याच मापाने. संपदा पारा वाचत होती आणि वहीत लिहीत होती. माझ्या नळाचं पाणी, पन्नास. टाकीचं गार पाणी, पंधरा. दोन्ही मिळून टबात, एक्केचाळीस. भालचंद्रांनी टब रिकामा करून पुन्हा भरायला लावला. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकाच अंशाच्या आतबाहेर.

मग त्यांनी गुणवंतला बोलावलं. मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. संपदा वही धरून खाली बसली होती.

भालचंद्रांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "हिच्या मापाने एक्केचाळीस अंश येतात. जानेवारीत गार पाणी आणखी गार होतं, चाळीसच आले असते. चाळीस अंशांनी माझ्या पायाचं हे होत नाही. त्या दिवशी टबात साठच्या आसपास असणार. म्हणजे गीझरमध्ये सत्तरच्या पुढे."

गुणवंत म्हणाला की गीझर बिघडला असेल, यंत्रच आहे.

"बिघडलेलं यंत्र आपलं आपण दुरुस्त होत नाही," भालचंद्र म्हणाले. "वाढवलं कुणी, ते मी विचारत नाही. कमी कुणी केलं आणि कधी, तेवढं सांग."

गुणवंत जमिनीकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मी. दवाखान्यात यायच्या आधी."

मीनाक्षी दारातून पुढे आली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तीन आठवडे तुम्ही मला सांगताय, हात घालून बघायला हवा होतास," ती म्हणाली. "आणि तुम्हाला माहीत होतं."

तो म्हणाला की तो घाबरला होता. खरंच घाबरला असेल. पण घाबरल्यावर माणूस वडिलांकडे धावतो की स्क्रूड्रायव्हरकडे, यावरून त्याची पारख होते.

भालचंद्रांनी त्याला तेव्हाच पुण्याला फोन लावायला सांगितला, सगळ्यांच्या समोर. गुणवंतने आत्याला सगळं सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग एका दमात. चकती मी वाढवली, तिला सांगितलं नाही, नंतर कुणाला कळू नये म्हणून कमी केली, तिच्याकडून काही चुकलं नव्हतं. मग कुसुमावतीने मीनाक्षीला फोनवर बोलव म्हणून सांगितलं. गुणवंतने रिसीव्हर पुढे केला.

"पोळी तव्यावर आहे म्हणून सांगा," मीनाक्षी म्हणाली.

तवा अजून चढलाही नव्हता.

तिने स्टूल आणलं आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला. गुणवंतने तो दिला. माझं झाकण ती पहिल्यांदाच उघडणार होती. बटण बंद केलं, मेन स्विचही पाडला, झाकण काढलं आणि चकती नीट पाहिली. आकडा वाचून झाकण पुन्हा लावलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो माझ्या पोटावर चिकटवला : पन्नास. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. संपदाने त्याखाली हिंदीतही लिहिलं, मिस्त्रीला कळावं म्हणून. त्या दिवसापासून थंडीच्या सुरुवातीला मीनाक्षी स्वतः तापमापक घेऊन माझं पाणी मोजायची. टबात आधी गार पाणी, मग गरम, असा क्रम तिने बदलला. आणि पाय टबात सोडण्याआधी भालचंद्र स्वतः कोपर बुडवून बघायचे, कारण पायांना विचारून उपयोग नव्हता.

तुम्हाला वाटेल की सगळं पुन्हा पूर्वीसारखं झालं असेल. नाही झालं. गुणवंत पुढे फार जपून, फार नम्रपणे वागू लागला. घर चालत राहिलं. पण मीनाक्षी त्याच्याशी बोलताना आधी क्षणभर थांबायची, पाण्यात हात घालण्याआधी थांबावं तशी. भालचंद्र दुधाच्या बूथपर्यंत पुन्हा कधी चालत गेले नाहीत. ते बाल्कनीत बसत आणि संपदा एकटी दूध घेऊन येताना त्यांना खालून हात करायची. आठ वर्षांनी ते गेले. त्यानंतर माझ्या टाकीला गळती लागली, भिंतीवर नवा गीझर आला आणि मी गच्चीवर आलो. तो कागद अजून माझ्या पोटाला चिकटून आहे, अक्षरं उन्हाने उडून गेली आहेत.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते की माझी काळजी घ्या, मला टाकू नका. मला तसलं काही मागायचं नाही. मला पुसू नका, गच्चीवरून खालीही आणू नका. मी एवढंच मागतो की आज घरी गेल्यावर तुमच्या भिंतीवरचा गीझर किती आकड्यावर आहे, ते मोठ्या माणसांना विचारा. स्वतः झाकण उघडू नका, आत वीज असते. पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. साठ अंशांच्या पाण्यात मोठ्या माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते, पन्नासच्या पाण्यात त्याला काही मिनिटं लागतात. लहान बाळाची आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी त्याहून लवकर. पन्नासचं पाणीसुद्धा तसंच अंगावर घ्यायचं नसतं, गार पाण्यात कालवूनच घ्यायचं. ज्याच्या पायाला कळत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाच्या कोपराला कळलं पाहिजे. आणि तरीही कुणी भाजलंच, तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं, मग दवाखाना. पेस्टची ट्यूब जागेवरच राहू द्या.

आणि आकडा बदलणाऱ्या मोठ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी. तापणं हे माझं काम आहे. किती तापायचं ते मी ठरवत नाही, तुम्ही ठरवता. ठरवलंत, तर त्या घरातल्या प्रत्येकाला तोंडाने सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.